मोठं फॅन संमेलन मोजक्या जागेच्या हॉटेलात कसं बसवायचं

दर वर्षी लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार) जोडून येणाऱ्या सुट्टीत अमेरिकेतल्या अटलांटा शहराच्या मध्यवस्तीत ड्रॅगन कॉन भरतं. १९८७ साली एका हॉटेलात सुरू झालेलं हे विज्ञानकथा, कॉमिक्स आणि गेमिंगच्या चाहत्यांचं संमेलन आज शेजारशेजारच्या पाच हॉटेलांत पसरलं आहे: हयात रीजन्सी, मॅरियट मार्की, हिल्टन, वेस्टिन आणि पूर्वी शेरेटन असलेलं कोर्टलँड ग्रँड. विक्रेत्यांसाठी अमेरिकाज मार्टची इमारत वेगळी. २०१९ साली तिथे सुमारे ८५ हजार लोक आले होते. त्याच शहरात जॉर्जिया वर्ल्ड काँग्रेस सेंटर हे देशातल्या सर्वांत मोठ्या संमेलनकेंद्रांपैकी एक केंद्र आहे, तरीही ड्रॅगन कॉननं हॉटेलं सोडलेली नाहीत. कारण सरळ आहे. हॉटेलात संमेलन रात्री संपत नाही. वरच्या मजल्यावर झोपायची खोली, खाली कार्यक्रम, मधल्या लॉबीत रात्री दोन वाजताही गप्पा. ही मजा प्रदर्शनाच्या हॉलमध्ये येत नाही, म्हणूनच जागेची एवढी ओढाताण लोक वर्षानुवर्षं सोसतात.

हा लेख एकाच हॉटेलात दीड ते चार हजार माणसांचं संमेलन भरवणाऱ्यांसाठी आहे. मी अमेरिकेत अशा संमेलनांच्या हॉटेल समितीत काम करतो. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या (उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेच्या) अधिवेशनात राबलेल्यांना यातलं बरंच ओळखीचं वाटेल, पण एक मोठा फरक आहे. अधिवेशनात जेवणाच्या वेळी सगळे जेवायला जातात आणि मुख्य कार्यक्रमाला सगळे मुख्य सभागृहात असतात. फॅन संमेलनात एकाच वेळी दहा-पंधरा खोल्यांत दहा-पंधरा गोष्टी चालू असतात आणि प्रत्येक जण सतत कुठून तरी कुठे तरी निघालेला असतो. त्यामुळे "जागा पुरत नाही" अशी ओरड होते तेव्हा हॉल लहान पडलेला क्वचितच असतो. कमी पडतात त्या दारं, मार्गिका, लिफ्ट आणि रांगा उभ्या करायच्या जागा. नियोजनाची सुरुवात तिथून करा.

टेप घेऊन जा

हॉटेलचं विक्री खातं तुम्हाला क्षमतेचा तक्ता देईल. तो रिकाम्या खोलीचा असतो. मंच नाही, पडदे नाहीत, ध्वनियंत्रणेचं टेबल नाही, व्हीलचेअरची जागा नाही. तो तक्ता बाजूला ठेवा आणि प्रत्येक खोली स्वतः मोजा.

समजा बॉलरूम ९० फूट बाय ६० फूट आहे, म्हणजे ५,४०० चौरस फूट. तक्त्यात थिएटर पद्धतीनं ६०० खुर्च्या लिहिल्या असतील. आता ६० फुटी भिंतीलगत १६ फूट खोल मंच आणि त्यामागची जागा धरा, ९६० चौरस फूट गेले. ध्वनी आणि कॅमेऱ्याच्या टेबलांना १२ बाय १०, आणखी १२०. उरले ४,३२०. मधली वाट, कडेच्या वाटा, दारांसमोरची मोकळी जागा आणि व्हीलचेअरसाठी राखलेले चौकोन यांत साधारण ३० टक्के जातात. राहिले ३,०२४. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लागू असलेल्या इमारत संहितेत नुसत्या खुर्च्यांसाठी माणशी ७ चौरस फूट धरतात, म्हणजे ४३२ माणसं. सहाशे आणि चारशे बत्तीस यांच्यातली १६८ माणसं शनिवारी संध्याकाळी तुमच्यासमोर मार्गिकेत उभी असतील.

टेबल-खुर्च्या असतील तर माणशी १५ चौरस फूट धरा, नुसतं उभं राहायचं असेल तर ५. खोलीत ५० किंवा अधिक माणसं असतील तर बाहेर पडायचे किमान दोन मार्ग लागतात, ५०० च्या वर तीन, १,००० च्या वर चार. हे आकडे तुमच्या अंदाजासाठी आहेत. अंतिम आकडा स्थानिक फायर मार्शलचा, म्हणजे अग्निसुरक्षा अधिकाऱ्याचा, आणि तो मांडणीनुसार बदलतो. म्हणून प्रत्येक खोलीची मांडणी कागदावर काढून त्याच्याकडून आधीच मंजूर करून घ्या. शुक्रवारी सकाळी तो दारात उभा राहून दोन ओळी उचला म्हणाला, तर छापलेलं वेळापत्रक तुम्हाला वाचवणार नाही.

मोजायला जाल तेव्हा मंचामागच्या भिंतीकडे नीट बघा. बऱ्याच बॉलरूममध्ये आणीबाणीचं एक दार नेमकं तिथेच असतं. मंच लागतो, मागे काळा पडदा चढतो, दार आणि त्यावरची दिवा असलेली पाटी दोन्ही झाकली जातात. एक दार गेलं की खोलीची क्षमताही गेली. मंच दुसऱ्या भिंतीला हलवल्यानं पन्नास-शंभर जागा परत मिळालेल्या मी पाहिल्या आहेत.

खुर्च्यांचंही एक बघा. दोनशेपेक्षा जास्त सुट्या खुर्च्या असतील तर त्या तीन ते सातच्या गटांत एकमेकींना अडकवायचा नियम अनेक ठिकाणी आहे. बँक्वेटच्या पुष्कळ खुर्च्यांना त्यासाठी बाजूला आकडा असतो. हॉटेलचे कर्मचारी घाईत तो लावत नाहीत. मग प्रेक्षक खुर्च्या पुढे-मागे सरकवतात आणि दुपारपर्यंत मधली वाट नाहीशी होते. आकडे लावून घ्या, आणि ते काम ऑर्डरमध्ये लेखी घाला.

शनिवारी दुपारी तीनची बेरीज

सगळं नियोजन एका क्षणावर तपासा: शनिवार, दुपारी तीन. सभासद, म्हणजे संमेलनाचं तिकीट घेतलेले, ३,००० असतील तर त्या वेळी इमारतीत ढोबळमानानं २,००० धरा. बाकीचे झोपलेले, बाहेर जेवायला गेलेले किंवा अजून यायचे.

आता कार्यक्रमांच्या सगळ्या खोल्यांतल्या खुर्च्यांची बेरीज करा. समजा ९०० आली. विक्रेत्यांची खोली, चित्रप्रदर्शन, गेमिंग, सभासदांसाठी चहा-फराळाची खोली यांत मिळून ५०० मावतात. उरले ६०० जण. ते कुठे आहेत? मार्गिकेत, लॉबीत, जिन्यावर, लिफ्टसमोर. माणसाला दुसऱ्याला धक्का न लावता चालायला किमान १२ चौरस फूट लागतात असं धरलं, तर ६०० जणांना ७,२०० चौरस फूट हवेत. बॉलरूमबाहेरचं दालन ४,००० चौरस फुटांचं असेल तर तुमचं संमेलन त्या दालनात अडकणार, मग आत कितीही खोल्या असोत.

ही बेरीज बहुतेक समित्या करत नाहीत, आणि माझ्या मते नियोजनातला सर्वांत उपयोगी तास हाच. उत्तर आलं की इलाज सुचायला लागतात. ज्यांना सुरुवात-शेवट नाही अशा गोष्टी वाढवा: दिवसरात्र चालू असलेली बोर्डगेमची खोली, सलग सिनेमे दाखवणारी खोली, बसून चित्रं काढायची किंवा विणकाम करायची जागा. पॅनेलला, म्हणजे मंचावरच्या चर्चेला, जागा न मिळालेला माणूस तिथे तासभर टेकतो. अशा खोलीत टेबलं थोडी जास्तच ठेवा आणि ती गर्दीच्या हॉलपासून दूर, शक्य तर वेगळ्या मजल्यावर ठेवा, म्हणजे माणसं आपसूक तिकडे वळतात.

दारातून मिनिटाला किती

एका उघड्या दारातून मिनिटाला साधारण ४० ते ६० माणसं जातात. लोक आवडत्या पात्रांचे पोशाख घालून येतात; त्यांत पंख, तलवारी, घेरदार झगे असतील तर ४० धरा, बॅज (प्रवेशाचे बिल्ले) तपासत असाल तर त्याहून कमी. आधी मोजलेल्या बॉलरूममधली ४३२ माणसं दोन दारांनी बाहेर पडायला साडेपाच मिनिटं लागतील, आणि तीही सगळे लगेच उठले तर. उठत नाहीत. वक्त्याशी बोलायला पुढे गर्दी होते, कोणाचा चार्जर खुर्चीखाली राहतो. दहा मिनिटं धरा. त्यानंतर नवे ४३२ जण आत येऊन जागा शोधणार, आणखी दहा-बारा मिनिटं. वक्त्यांचे माइक बदलायचे ते वेगळंच.

म्हणून मोठ्या खोल्यांत दोन कार्यक्रमांत दहा-पंधरा मिनिटं ठेवणं म्हणजे दिवसभर उशीर साठवत जाणं. ड्रॅगन कॉनची पद्धत इथे नमुना म्हणून घ्या. पॅनेल तासाभराचं असतं, पण सुरुवाती दीड-दीड तासाच्या अंतरानं होतात: सकाळी १०, साडेअकरा, दुपारी १, अडीच, ४, साडेपाच. मधला अर्धा तास खोली रिकामी करून भरायला. कागदावर हा अर्धा तास वाया गेल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात त्याच अर्ध्या तासामुळे रात्रीपर्यंत वेळापत्रक टिकतं.

खोली दर वेळी रिकामी करायची की नाही, हा वादाचा विषय आहे. सॅन डिएगो कॉमिक-कॉनमध्ये दोन पॅनेलच्या मध्ये हॉल रिकामे करत नाहीत. तिसऱ्या पॅनेलसाठी आलेला माणूस पहिल्यापासून खुर्ची धरून बसतो आणि पहिल्याचे खरे चाहते बाहेर राहतात. लहान जागेत मी रिकामी करण्याच्याच बाजूचा आहे. जागा कमी आहे तर ती दर तासाला नव्या माणसाला मिळायला हवी.

येण्या-जाण्याची दारं वेगळी ठेवा. मागच्या दारानं आत, बाजूच्या दारानं बाहेर, आणि बाहेर पडणाऱ्यांची वाट रांगेला छेदत नाही ना हे नकाशावर रेघ मारून तपासा. एकच दार असेल तर दादरला लोकलच्या दाराशी जे घडतं तेच इथे घडतं. आधी उतरू द्या, हे सांगायला दोन दणदणीत आवाजाचे स्वयंसेवक लागतात.

आणि सगळ्या खोल्या एकाच ठोक्याला सोडू नका. तळमजल्यावरचे कार्यक्रम पूर्ण तासाला संपू देत, वरच्या मजल्यावरचे अर्ध्या तासाला. मार्गिकेतल्या गर्दीचं शिखर निम्म्यावर येतं. तक्रार येईल की मग एका मजल्यावरून दुसऱ्यावर जाणाऱ्याचा अर्धा तास फुकट जातो. जातो, पण तो कुठे तरी बसून जातो.

लोकप्रियतेचा अंदाज घ्यायला वेळापत्रक ठरवण्याआधी सभासदांना कार्यक्रमांची यादी पाठवून "याला नक्की येणार" अशा खुणा करायला सांगा. उत्तरं तंतोतंत खरी ठरत नाहीत, पण कोणतं पॅनेल ४० जणांचं आणि कोणतं ४०० चं हे कळायला पुरतात. दोन मोठी पॅनेल एकाच वेळी, पण इमारतीच्या दोन टोकांना ठेवा. संयोजकांना हे जिवावर येतं, कारण त्यांना दोन्ही पाहायची असतात. फारच मागणी असलेलं पॅनेल रविवारी पुन्हा घ्या. पाहुणे बहुधा तयार होतात, आधी विचारलं तर.

रांगेला जागा लागते

हॉलचा नकाशा सगळे काढतात, रांगेचा कोणी काढत नाही. एकामागे एक उभ्या माणसाला दोन फूट लागतात. ४०० माणसांची एकेरी रांग ८०० फुटांची झाली. तुमच्या हॉटेलची सर्वांत लांब मार्गिका किती आहे? दोनशे फूट असेल तर रांगेच्या चार ओळी कराव्या लागतील, आणि मग त्या मार्गिकेतून चालायला वाट उरणार नाही.

रांगेसाठी खोली राखून ठेवणं अनेकांना उधळपट्टी वाटते. सरकत्या भिंतीनं विभागलेल्या बॉलरूमचा एक भाग मोकळा ठेवा, त्यात दोरी आणि खांब लावून नागमोडी रांग करा. १,२०० चौरस फुटांत दीड-दोनशे माणसं व्यवस्थित उभी राहतात आणि मार्गिका मोकळी राहते. तेवढं जमत नसेल तर वाहनतळाचा एखादा मजला किंवा इमारतीबाहेरचा फुटपाथ पाहा. ड्रॅगन कॉनच्या मोठ्या रांगा हॉटेलबाहेर रस्त्याला वळसा घालून जातात. अटलांटातला ऑगस्ट अखेरचा उकाडा विचारात घेतला तर पाणी आणि सावली यांची सोय तिथे आलीच. फुटपाथ शहराचा असतो, त्यामुळे परवानगीचं पत्र लागतं.

जमिनीवर खुणा करायला हॉटेलला विचारून गालिच्यावर डाग न ठेवणारी चिकटपट्टी वापरा. रांग सुरू होते तिथे एक फलक आणि संपते तिथे उंच काठीवर दुसरा: "रांग इथे संपते, कार्यक्रम अमुक". काठी शेवटच्या माणसाच्या हातात द्या, नवा आला की त्यानं ती घ्यायची. ही युक्ती जपानमधल्या कॉमिकेतसारख्या प्रचंड मेळाव्यांत वर्षानुवर्षं वापरात आहे आणि तिला स्वयंसेवक लागत नाही.

रांग मोजा. हातातलं मोजणीयंत्र चार-पाचशे रुपयांची किंवा अमेरिकेत पाच-सात डॉलरची वस्तू आहे. खोलीच्या आकड्याइतकी माणसं झाली की रांग बंद करा आणि मागच्यांना स्पष्ट सांगा की जागा संपली. तासभर उभं करून मग परत पाठवण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरं. किती आधी रांग धरता येईल तेही जाहीर करा; एक तास पुरे. फार गाजणाऱ्या एक-दोन कार्यक्रमांना सकाळी मनगटपट्ट्या वाटा, म्हणजे माणसं दिवसभर रांगेत अडकून न राहता हिंडू शकतात.

लिफ्ट

मॅरियट मार्की हे जॉन पोर्टमननं रचलेलं, १९८५ साली उघडलेलं हॉटेल आहे. मधला पोकळ भाग ४७ मजले वर जातो, आणि काचेच्या लिफ्ट त्यातून वरखाली करतात. ड्रॅगन कॉनच्या शनिवारी रात्री ज्यानं तिथे लिफ्टची वाट पाहिली आहे त्याला या परिच्छेदाची गरज नाही.

तुमच्या हॉटेलचा हिशोब करा. लिफ्टमध्ये पाटीवर १६ माणसं लिहिली असली तरी पोशाखांसकट १० धरा. खाली-वर एका फेरीला साडेतीन मिनिटं. अशा चार लिफ्ट असतील तर मिनिटाला साधारण ११ माणसं, तासाला ७०० च्या आत. बाराव्या मजल्यावरच्या पार्टीला ६०० जण आले तर तेवढेच परतायला जवळजवळ एक तास.

तेव्हा पार्ट्यांच्या खोल्या दुसऱ्या ते चौथ्या मजल्यावरच मागून घ्या, आणि हे करारात घाला, आरक्षणाच्या वेळी तोंडी नको. जिने वापरायला लोक तयार असतात, अडचण दाराची असते: अनेक हॉटेलांत जिन्यात शिरलं की मजल्यांची दारं आतून उघडत नाहीत, थेट तळमजल्यालाच बाहेर पडता येतं. कोणत्या मजल्यांची दारं जिन्याच्या बाजूनंही उघडी ठेवता येतील हे हॉटेलच्या अभियंत्याला विचारा. मग "दोन मजले असतील तर जिना वापरा" असे फलक लावा. एक लिफ्ट व्हीलचेअर आणि चालायला त्रास असलेल्यांसाठी राखा, तिथे माणूस उभा करा. नुसत्या पाटीनं हे होत नाही.

काय बाहेर काढायचं

जागा वाढत नसेल तर ओझं कमी करा. माझा क्रम असा असतो.

पहिल्यांदा नोंदणी. बॅज शक्य तितके टपालानं आधी पाठवा. उरलेली नोंदणी कार्यक्रमांच्या मजल्यापासून दूर, स्वतंत्र दार असलेल्या जागी ठेवा आणि आदल्या दिवशी संध्याकाळी सुरू करा. ड्रॅगन कॉनची नोंदणी कित्येक वर्षं कडेच्या शेरेटनमध्येच होत आली. पहिल्या दिवसाची प्रचंड रांग मधल्या हॉटेलांना शिवतही नाही.

मग विक्रेते. त्यांना चौरस फूट सर्वांत जास्त लागतात, पण उंची, सजावट, खास ध्वनियंत्रणा काहीच लागत नाही. शेजारी एखादी इमारत, चर्चचं सभागृह, दुसऱ्या हॉटेलचा हॉल मिळाला तर त्यांना हलवा. विक्रेते कुरकुरतील की तिकडे लोक येणार नाहीत. अंतर पाच मिनिटांच्या आत असेल आणि वाटेवर खुणा असतील तर लोक खरेदीला जातातच. तुमच्याच बॉलरूममध्ये ठेवणार असाल तर दहा बाय दहाचे गाळे सोडून सहा फुटी टेबलं द्या आणि वाटा ८ ते १० फुटी ठेवा. टेबलं वाढवण्यासाठी वाट सहा फुटांवर आणायचा मोह होतो. आणू नका. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या की तिथे सगळं थांबतं.

तिसरं, सर्वांत मोठा एखादा कार्यक्रम. पोशाखस्पर्धा बॉलरूममध्ये मावत नसेल तर तिचं थेट प्रक्षेपण दुसऱ्या खोलीत आणि हॉटेलच्या अंतर्गत टीव्हीवर दाखवा. ड्रॅगन कॉन यजमान हॉटेलांच्या खोल्यांत स्वतःची वाहिनी चालवतं. शेकडो माणसं पलंगावर बसून स्पर्धा पाहतात, आणि तेवढी गर्दी खालून उठते.

करारातल्या ओळी

हॉटेल तुम्हाला सभागृहं स्वस्तात किंवा फुकट देतं, कारण तुमची माणसं झोपायच्या खोल्या घेतात. हा सगळा सौदा रूम ब्लॉकवर, म्हणजे तुमच्या लोकांसाठी एकगठ्ठा राखलेल्या खोल्यांवर, उभा असतो. त्यातली एक ओळ म्हणजे कमी भरल्यास दंड: ठरलेल्या खोली-रात्रींच्या किती टक्के भरल्या पाहिजेत. ८० टक्के ही नेहमीची बोली. पहिल्या वर्षी उत्साहात ब्लॉक फुगवू नका.

जागेच्या दृष्टीनं मात्र दुसरी ओळ जास्त मोलाची आहे: सगळी सभागृहं तुमच्याकडे चोवीस तास. ती नसेल तर संध्याकाळी सहानंतर मोकळी दिसणारी खोली हॉटेल लग्नाच्या स्वागतसमारंभाला देऊ शकतं. मग नवरीकडचे पाहुणे आणि तुमचे चिलखतधारी एकाच दालनात. दोघांवरही अन्याय.

तिसरी, बैठकीच्या खोल्या. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरच्या सुइट्समधले पलंग काढून त्या लहान चर्चा, वाचन, शांत बसायच्या खोल्या म्हणून वापरता येतात. १५-२० माणसांच्या कार्यक्रमाला बॉलरूमचा तुकडा देऊ नका. पलंग हलवायचे पैसे लागतात, ते आधी विचारा. आणि अशा खोल्यांत किती जणांना परवानगी आहे ते पुन्हा फायर मार्शलकडूनच.

चौथी, झोपणाऱ्यांचे आणि जागणाऱ्यांचे मजले वेगळे. संमेलनाशी संबंध नसलेले पाहुणे पार्टीच्या मजल्यावर आले तर तक्रारी रात्री अकरालाच सुरू होतात आणि हॉटेलचं मन तिथेच फिरतं. पुढच्या वर्षीचा करार त्या रात्री ठरत असतो.

मांडणी वारंवार बदलायला लावू नका. थिएटरच्या मांडणीवरून गोल टेबलं आणि परत थिएटर, यात तासभर आणि मजुरीचं बिल जातं. एका खोलीला तीन दिवस एकच मांडणी द्या आणि कार्यक्रम तिच्याप्रमाणे वाटा. सरकत्या भिंतीतून आवाज झिरपतो, म्हणून गाण्याच्या खोलीला लागून कथावाचन ठेवू नका.

खाणं आणि पोशाख

खाण्याचं थोडक्यात. हॉटेलचं उपाहारगृह दुपारी एकला दोन हजार माणसांना पुरत नाही, कधीच नाही. दालनाच्या टोकाला झटपट न्यायच्या पदार्थांची गाडी मागा, बाहेर फूड ट्रक आणता येतात का बघा, शेजारच्या खाण्याच्या जागांची वेळांसकट यादी छापा. अटलांटात हयात आणि मॅरियटला जोडलेलं पीचट्री सेंटरचं फूड कोर्ट हा भार उचलतं. तुमच्याजवळ असं काही असेल तर त्यांना तारखा कळवा, म्हणजे ते जास्त माणसं ठेवतील.

छायाचित्रं हा मार्गिकेचा खरा शत्रू. सुंदर पोशाख दिसला की एक जण थांबतो, मग दहा, मग वाट बंद. मनाई करून उपयोग नाही, आणि करूही नये. इतक्या कष्टानं शिवलेला पोशाख दाखवायलाच तर ती व्यक्ती आलेली असते. मार्गिकेपासून दहा पावलांवर चांगला उजेड आणि साधी भिंत असलेले कोपरे ठरवा, तिथे बाण दाखवा, आणि मार्गिकेत "इथे थांबू नका" अशी रेघ. गटाची छायाचित्रं बाहेर पायऱ्यांवर, वेळ ठरवून.

हातात वॉकीटॉकी असलेली माणसं

अमेरिकेतली अग्निसंहिता मोठ्या जमावाला दर २५० माणसांमागे एक प्रशिक्षित गर्दी-व्यवस्थापक मागते. नियमापुरतं करू नका. प्रत्येक मोठ्या दाराशी एक, प्रत्येक रांगेच्या टोकाशी एक, आणि दर तासाला सगळ्या खोल्यांचे आकडे एका वहीत लिहिणारी एक व्यक्ती. हॉटेलच्या सुरक्षा प्रमुखाशी तुमच्या कार्यालयाचा एकच संपर्क असू द्या. पाच जणांनी पाच निरोप दिले की त्याचा विश्वास उडतो. धोक्याचा भोंगा वाजला तर दोन हजार माणसं कुठे उभी करायची, आत परत कोण सोडणार, हे त्याच्यासोबत चालत जाऊन ठरवा. रात्री गर्दी फार झाली तर फक्त बॅज किंवा खोलीची किल्ली असलेल्यांनाच आत सोडायचं, हा निर्णय कोण घेईल तेही तेव्हाच ठरवा.

मावत नसेल तर

हे सगळं करूनही बेरीज जुळत नसेल तर संख्या बांधा. सभासदत्वाची मर्यादा महिने आधी जाहीर करा, शनिवारची एका दिवसाची तिकिटं बंद करा. लोक चिडतात, पण ते घरी बसून चिडतात.

बॉस्टनचं बॉस्कोन हे जुनं विज्ञानकथा संमेलन १९८७ पर्यंत वाढत वाढत चार हजारांच्या पुढे गेलं. त्या वर्षीच्या गोंधळानंतर हॉटेल हातचं गेलं आणि पुढच्या वर्षी संमेलन स्प्रिंगफील्डला न्यावं लागलं. संयोजकांनी ते जाणूनबुजून लहान केलं: गर्दी ओढणारे, पण साहित्याशी संबंध नसलेले कार्यक्रम कमी केले, पुस्तकांवर भर दिला. पुढे ते बॉस्टनला परतलं आणि आजही भरतं. दुसरं टोक सॅन डिएगोचं. १९७० साली यू. एस. ग्रँट हॉटेलात सुमारे ३०० जणांच्या उपस्थितीत सुरू झालेलं कॉमिक-कॉन हॉटेलं ओलांडून संमेलनकेंद्रात गेलं, आणि गेल्यावर त्याचा स्वभावच बदलला. दोन्ही निर्णय आपापल्या जागी योग्य होते. तुमच्या लोकांना रात्री दोनची लॉबी प्रिय आहे की मोठे तारे, हे विचारून घ्या आणि तसं ठरवा.

रविवारी दुपारी, सामान बांधायच्या आधी, आकड्यांची वही आणि रांगांची छायाचित्रं एकत्र करा. कोणत्या खोलीत कोणत्या तासाला किती माणसं होती, कोणती रांग किती वाजता बंद केली, लिफ्टसमोर किती वेळ लागला. विक्रेत्यांना मालाच्या लिफ्टच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्या, नाहीतर सगळे चार वाजता येतील. त्याच आठवड्यात हॉटेलसोबत बैठक घ्या आणि ती वही टेबलावर ठेवा. पुढच्या वर्षी कोणती भिंत सरकवायची आणि कोणतं दार उघडं ठेवायचं, याची बोलणी त्या आकड्यांवरच होऊ द्या.